धावणाऱ्याच्या पुढचे पाच जण: अमेरिकन फुटबॉलमधलं रन ब्लॉकिंग कसं शिकवतात

२०२४च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने चेंडू घेऊन २,००५ यार्ड धाव घेतली. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, एका हंगामात दोन हजारांचा टप्पा ओलांडणारा तो नववा खेळाडू. त्याच्या लांब धावांच्या चित्रफिती पुन्हा लावा आणि या वेळी त्याच्याकडे बघू नका. चेंडू हातात आल्यानंतरची पहिली काही पावलं तो मोकळ्या जागेतून जातो, आणि ती जागा त्याच्या पुढच्या पाच दांडग्या गड्यांनी सेकंद-दीड सेकंदात तयार केलेली असते. हे पाच जण चेंडू फेकत नाहीत, झेलत नाहीत. समालोचकाच्या तोंडी त्यांचं नाव येतं ते बहुधा पेनल्टी झाली की.

अमेरिकेतल्या एखाद्या मराठी घरात मुलगा शाळेच्या संघातून येऊन सांगतो, “कोचने मला लाइनवर टाकलंय.” आईवडिलांना वाटतं, अंगाने थोराड आहे म्हणून पुढे उभा केला असेल. इकडे पुण्या-मुंबईत सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बघणाऱ्यांनाही ही जागा म्हणजे नुसती ढकलाढकली वाटते. माझ्या मते मैदानावर सर्वांत जास्त शिकवावी लागणारी जागा हीच आहे. जन्मजात वेगावर धावणारा निभावून नेऊ शकतो. लाइनमनला प्रत्येक पाऊल कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं.

खेळाची मांडणी आधी थोडक्यात. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू जमिनीवर असतो आणि सेंटर तो दोन पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि त्यांच्या बाहेर एकेक टॅकल, अशी ही पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन. समोर हातभर अंतरावर बचावाचे तीन-चार डिफेन्सिव्ह लाइनमन असतात आणि त्यांच्या मागे चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर. चेंडू फेकायचा असेल तेव्हा लाइन मागे सरकत क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, वेळ मिळवून देते. धावायचं असेल तेव्हा तीच लाइन पुढे जाते आणि समोरच्याला त्याच्या जागेवरून हलवते. हे दुसरं काम म्हणजे रन ब्लॉकिंग.

नियम इथे सारखे नाहीत. बचावातला गडी ब्लॉक करणाऱ्याला धरू शकतो, ओढू शकतो, बाजूला भिरकावू शकतो. ब्लॉक करणाऱ्याने मात्र धरून अडवलं की होल्डिंगची शिट्टी वाजते आणि संघ दहा यार्ड मागे जातो. मग त्याच्या हातात उरतं काय? दोन गोष्टी. स्नॅप क्वार्टरबॅकच्या कितव्या हाकेला होणार हे त्याला माहीत असतं, आणि धाव कुठून जाणार हेही माहीत असतं. समोरच्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. ही आघाडी निमिषभराची असते. पुढे जे काही शिकवलं जातं ते सगळं ती वाया जाऊ नये म्हणून.

पवित्रा आणि पहिली दोन पावलं

सुरुवात पवित्र्यापासून होते. रूढ पवित्रा तीन टेकूंचा: दोन पाय आणि एक हात जमिनीवर. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, एका पायाची बोटं दुसऱ्याच्या टाचेच्या रेषेत, पाठ सपाट, मान वर. नवशिक्या हातावर सगळा भार टाकून पुढे झुकतो, कारण त्याला पुढे जायचं असतं. चांगला कोच येऊन त्याचा टेकलेला हात हलकेच बाजूला करतो. पोरगा नाकावर आपटला तर पवित्रा चुकला. भार पायांत हवा, म्हणजे त्याच पवित्र्यातून पुढे, मागे, आडवं, कुठेही जाता येतं. शिवाय समोरचे काही आंधळे नसतात. जमिनीवर टेकलेली बोटं दाबाने पांढरी पडलेली दिसली की ओळखायचं, आता धाव आहे. टाचांवर रेलून बसलेला दिसला की पास. अनुभवी बचावपटू हे वाचतात, म्हणून दोन्ही प्रकारच्या खेळींत पवित्रा हुबेहूब सारखा ठेवणं हाही शिकवण्याचाच भाग.

मग पहिलं पाऊल. हे चार-सहा इंचांचं असतं आणि शिकणाऱ्याला ते हास्यास्पद वाटतं. एवढ्या मोठ्या माणसाला हलवायचं तर जोरात झेप घ्यायला हवी, असं मन सांगतं. पण लांब पाऊल टाकणारा टक्कर होते त्या क्षणी एका पायावर असतो, दुसरा पाय हवेत असतो. एका पायावरचा दीडशे किलोचा माणूससुद्धा सहज ढकलला जातो. म्हणून पहिलं पाऊल फक्त दिशा ठरवतं आणि दुसरं पाऊल टकरीच्या आधी जमिनीवर असायला हवं. पुढच्या सगळ्या गोष्टींचा पाया हाच आहे. दुसरं पाऊल पडलं, दोन्ही पाय जमिनीत रुतले आणि मग अंगाला अंग भिडलं, तर जमिनीतून येणारा जोर पायांतून, कंबरेतून हातांपर्यंत पोचतो. उलट क्रमाने झालं तर तोच जोर स्वतःला मागे रेटतो. एखादा ब्लॉक फसलेला दिसला की प्रेक्षक हात बघतो, कोच चित्रफीत मागे नेऊन दुसरं पाऊल बघतो.

टकरीत खाली असलेला जिंकतो, हे वाक्य अमेरिकेतल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर ऐकू येईल. त्याचा अर्थ कंबरेतून वाकणं असा घेतला की घात होतो. खाली जायचं ते गुडघे आणि घोटे वाकवून, पाठ सपाट आणि नजर वर ठेवून. मान खाली घालून डोक्याने धडकणारा समोरच्याला बघू शकत नाही, त्यामुळे तो चुकतोही. आणि मानेच्या मणक्यांना धोका असतो तो वेगळाच. पूर्वी चेहराच समोरच्याच्या छातीत घालायला शिकवत. १९७६ साली शालेय आणि कॉलेज फुटबॉलच्या नियमांनी ब्लॉक करताना आणि चेंडूवाल्याला पाडताना डोकं किंवा चेहरा आधी भिडवण्यावर बंदी आणली आणि मानेच्या गंभीर इजांचं प्रमाण त्यानंतर बरंच घटलं. मुलगा लाइनवर खेळत असेल तर पालकांनी सरावाला जाऊन एवढं एकच बघितलं तरी पुरे: कोच मान वर ठेवण्याबद्दल ओरडतो की नाही.

हातांचं काम त्यानंतरचं. कोपरं बरगड्यांजवळ, अंगठे वर, तळवे समोरच्याच्या छातीवर, खांद्याच्या पॅडच्या खालच्या कडेला. मारा खालून वर. ज्याचे हात आतल्या बाजूला, त्याचा ताबा. हात बाहेर, दंडांकडे गेले की दोन नुकसानं: जोर निसटतो आणि पंचाला होल्डिंग दिसतं. हात बसल्यावर कंबर पुढे लोटायची, म्हणजे समोरच्याची पावलं हलकी होतात. मग छोटी, झपाझप पावलं, बुटांचे खिळे जमिनीपासून फार वर न उचलता, शिट्टी वाजेपर्यंत. एक खेळी चार-सहा सेकंदांची असते. त्यातल्या तिसऱ्या सेकंदाला पाय थांबवणाऱ्या पोरांना वळण लावण्यात कोचचा निम्मा घसा जातो.

शेवटापासून शिकवणं

गंमत म्हणजे हे सगळं या क्रमाने शिकवत नाहीत. अनेक चांगले कोच शेवटापासून सुरुवात करतात. मुलाला आधी ब्लॉकच्या अंतिम स्थितीत उभं करतात: हात जागेवर, कंबर खाली, पाय रुंद, समोर गादी धरलेला जोडीदार. कोच फिरून एकेकाची कोपरं, गुडघे, मान नीट करतो आणि मग फक्त म्हणतो, चाला. ते जमलं की एक पाऊल मागून सुरुवात, मग दोन पावलं मागून, आणि सर्वांत शेवटी पवित्र्यातून. अशा पद्धतीत बरोबर ब्लॉक अंगाला कसा जाणवतो हे मुलाला पहिल्याच दिवशी कळतं, आणि पुढे प्रत्येक वेळी तो त्या जाणिवेकडे जायचा प्रयत्न करतो. पवित्र्यापासून सुरुवात केली तर आठवडाभर पावलं मोजण्यातच जातो.

कंबरेचा झटका वेगळा शिकवतात. दोन्ही गुडघे, दोन्ही हात, दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर, समोर गादी. पाय वापरायचेच नाहीत, फक्त कंबर उघडून हात मारायचे आणि पोटावर पडायचं. दिसायला विचित्र, पण हाताने ढकलणारे आणि कंबरेने ढकलणारे यांतला फरक दोन मिनिटांत उघडा पडतो.

साधनं साधीच. फूटभर रुंद, आठ-दहा फूट लांब लाकडी फळी जमिनीवर टाकतात. फळीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून जोडीदाराला तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत रेटत न्यायचं. पाय जवळ आले तर फळीवर पडतात आणि घसरतात. कोचला ओरडावं लागत नाही. दुसरं साधन म्हणजे शूट: लोखंडी नळ्यांचा बुटका मांडव, त्याच्या खालून पवित्र्यातून बाहेर पडायचं. उंच उठलं की शिरस्त्राण नळीला लागतं. या मांडवाबद्दल मी थोडा साशंक आहे. डोकं लागू नये म्हणून मुलं कंबरेत वाकून, मान खाली घालून त्यातून निसटायला शिकतात, म्हणजे बरोबर नको ती सवय. तिसरं साधन स्लेड, गाद्या लावलेली लोखंडी घसरगाडी. एकट्यासाठी असते, दोघांसाठी असते, सात जणांसाठीही असते. पाच जणांनी एकाच वेळी धडक दिली तर ती सरळ जाते, एक जण उशिरा आला की वळते. ती किती लांब गेली यापेक्षा वाकडी गेली का, हे कोचने पाहावं.

यात कुस्तीची आठवण येणं साहजिक आहे, आणि ती नुसती आठवण नाही. अमेरिकन शाळांत लाइनवरच्या मुलांना हिवाळ्यात कुस्तीला पाठवणारे कोच पुष्कळ आहेत. स्टीफन नील हा त्याचा सर्वांत ठळक दाखला. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, बेकर्सफील्डचा हा पैलवान १९९८ आणि १९९९ साली अमेरिकन कॉलेज कुस्तीचा हेवीवेट विजेता. १९९९च्या अंतिम लढतीत त्याने हरवलेला गडी म्हणजे पुढे करमणुकीच्या कुस्तीत गाजलेला ब्रॉक लेस्नर. त्याच वर्षी नीलने फ्रीस्टाइलचं जागतिक विजेतेपदही मिळवलं. कॉलेजात तो फुटबॉल एकही दिवस खेळला नव्हता. तरी २००१ साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतलं आणि लाइनचे कोच दांते स्कार्नेकिया यांनी त्याचा गार्ड बनवला.

कोल्हापूरच्या तालमीत घडलेल्या पैलवानाला नीलचं काय जमलं आणि काय अडलं हे लगेच कळेल. कंबर समोरच्याच्या कंबरेखाली नेणं, तोल न सोडता भार टाकणं, हातांच्या लढाईत आतली बाजू मिळवणं, हे सगळं तो घेऊनच आला होता. पण कुस्तीत ओढायची सवय असते, समोरच्याला आपल्याकडे घेऊन डाव टाकायचा असतो. इथे ओढलं की पेनल्टी. कुस्तीत समोरचा एकच असतो. इथे तो कुठला हे स्नॅपनंतर बदलू शकतं. नीलला लाइनवर कायमची जागा मिळायला काही वर्षं लागली, त्यात दुखापतींचाही वाटा होता. २००४मध्ये तो उजवा गार्ड म्हणून नियमित खेळू लागला आणि त्या हंगामात पेट्रियट्सच्या कोरी डिलनने १,६३५ यार्डांची धाव घेतली, जो त्या संघाचा विक्रम ठरला. नीलकडे तीन सुपर बोल विजेतेपदांच्या अंगठ्या आहेत.

दोघांनी मिळून एक, मग दुसरा

आतापर्यंत बोललो ते एकास एक ब्लॉकबद्दल. खऱ्या सामन्यात धाव यशस्वी होते ती बहुतेकदा दोघांच्या ब्लॉकमुळे, आणि शिकवायला सर्वांत अवघड तोच.

समजा, गार्ड आणि टॅकल यांच्या पुढ्यात एक डिफेन्सिव्ह लाइनमन आहे आणि त्याच्या मागे एक लाइनबॅकर. दोघांनी मिळून पुढच्याला मागे रेटायचं आणि मग दोघांपैकी एकाने सुटून लाइनबॅकरला गाठायचं. कुणी सुटायचं? आधी ठरवलेलं नसतं. लाइनबॅकर ज्याच्या बाजूने येईल त्याने. म्हणजे समोर दीडशे किलोचा माणूस रेटत असताना नजर चार यार्डांवरच्या तिसऱ्याच माणसावर ठेवायची आणि तो हलताच, एकमेकांशी एक शब्द न बोलता, एकाने सोडायचं आणि दुसऱ्याने एकट्याने पेलायचं. कोच लोकांचं सूत्र आहे: चार हात पुढच्यावर, चार डोळे मागच्यावर.

चूक जवळजवळ नेहमी एकाच प्रकारची होते. लाइनबॅकर दिसतोय, तो सुटेल, या धास्तीने एक जण लवकर निघतो. पुढचा लाइनमन अजून हललेला नसतो, तो दोघांच्या मधल्या फटीतून आत घुसतो आणि धावणाऱ्याला चेंडू मिळतो तिथेच पकडतो. म्हणून शिकवताना कंबरेला कंबर चिकटलेली असावी यावर भर असतो. दोघांच्या मध्ये उजेड दिसला तर ब्लॉक गेला. उशीर झालेला चालतो, घाई चालत नाही. लाइनबॅकर निसटला तर तो तीन-चार यार्डांवर धावणाऱ्याला धरेल, पण लाइनमन निसटला तर धाव सुरूच होणार नाही. नुकसानाचा हा हिशेब मुलांना फळ्यावर मांडून दाखवला की निम्मी घाई आपोआप कमी होते.

याचा सराव वेगात करत नाहीत. कोच बचावाच्या मागे उभा राहून लाइनबॅकर झालेल्या मुलाला बोटाने डावी-उजवी खूण करतो. ब्लॉक करणाऱ्यांना ती दिसत नाही. दोघं चालण्याच्या गतीने पुढच्याला रेटतात आणि मागचा हलला की योग्य तो सुटतो. शंभरदा चालत केल्यावर एकदा पळत. जोडीला जोडीची सवय लागते, म्हणून लाइनवर एक जण जखमी झाला की शेजारच्याचाही खेळ बिघडतो.

दोघांच्या ब्लॉकचा सर्वांत गाजलेला नमुना ३१ डिसेंबर १९६७चा आहे. ग्रीन बे, विस्कॉन्सिन. हाडं गोठवणारी थंडी, दगडासारखं गोठलेलं मैदान, डॅलस काउबॉइज तीन गुणांनी पुढे, सामना संपायला १६ सेकंद बाकी, आणि यजमान ग्रीन बे पॅकर्सना गोललाइनपर्यंत जेमतेम दोन फूट हवेत. डॅलसचा डिफेन्सिव्ह लाइनमन जेथ्रो प्यू गोललाइनजवळ उंच राहतो, हे पॅकर्सचा गार्ड जेरी क्रेमरने चित्रफितींत आधीच हेरून ठेवलं होतं. क्रेमर खालून घुसला, सेंटर केन बोमनने दुसऱ्या बाजूने साथ दिली, प्यू मागे गेला आणि क्वार्टरबॅक बार्ट स्टार त्या फटीतून आत पडला. २१–१७. घसरत्या बर्फावर पाय न सुटता दोघं एकत्र निघाले, यातच सगळं आलं.

कुणाला अडवायचं हे कसं ठरतं

इथे दोन घराणी आहेत. एका घराण्यात प्रत्येकाला नेमून दिलेला माणूस असतो आणि मागच्या बाजूचा एखादा गार्ड किंवा टॅकल आपली जागा सोडून, लाइनच्या मागून पळत, धावेच्या बाजूला जाऊन ब्लॉक करतो. याला पुलिंग म्हणतात. पॅकर्सचे कोच विन्स लोम्बार्डी यांची पॅकर्स स्वीप ही त्यातली सर्वांत नावाजलेली खेळी. क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड धावणाऱ्याच्या पुढे वळसा घेत निघायचे. लोम्बार्डी स्वतः फोर्डहॅम विद्यापीठाचे गार्ड होते, त्यामुळे त्यांच्या मुख्य खेळीचे नायक गार्ड असावेत यात नवल नाही. पुढे १९८०च्या दशकात वॉशिंग्टनचे कोच जो गिब्ज यांनी गार्ड आणि टॅकल दोघांनाही एकदम पळवणारी काउंटर ट्रे ही खेळी गाजवली. ‘हॉग्ज’ म्हणून ओळखली गेलेली त्यांची ती लाइन लाइन-कोच जो ब्यूगेल यांनी घडवली होती. पुलिंगमध्ये शिकवायची गोष्ट एकच मोठी: वळताना उभं राहायचं नाही. पवित्र्यातून निघताना कोपर मागे खेचून कंबर वळवायची आणि त्याच उंचीवर पळायचं.

दुसरं घराणं झोन ब्लॉकिंगचं. इथे माणूस नेमून दिलेला नसतो, इलाखा दिलेला असतो. स्नॅपआधी प्रत्येक जण स्वतःला विचारतो: माझ्या पुढ्यात कुणी आहे का? असेल तर तो माझा. नसेल तर मी धाव जाणार त्या बाजूच्या शेजाऱ्याला हात देतो आणि मग मागच्या लाइनबॅकरवर जातो. पाचही जण एकाच बाजूला, एकाच कोनात पाऊल टाकतात. बचाव कशीही मांडणी बदलो, प्रश्न तोच राहतो. म्हणूनच नव्या मुलांना शिकवताना हे घराणं मला जास्त भावतं. पन्नास खेळींसाठी पन्नास नियम पाठ करून घ्यावे लागत नाहीत.

झोनचं नाव निघालं की लाइन-कोच अ‍ॅलेक्स गिब्ज यांच्याकडे यावंच लागतं. १९९५ ते २००३ ते डेन्व्हर ब्राँकोजमध्ये मुख्य कोच माइक शॅनहॅन यांच्या हाताखाली होते. खेळी मोजक्या ठेवायच्या आणि त्या इतक्या वेळा घोटायच्या की स्नॅपनंतर विचार करायची गरजच पडू नये, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या १९९०च्या दशकातल्या लाइनवरचे बहुतेक गडी ३०० पौंडांच्या आतले होते. त्यांना बलदंड नको होते, वेळेवर पाऊल टाकणारे हवे होते. रुंद झोनमध्ये, म्हणजे धाव कडेच्या दिशेने नेणाऱ्या झोन खेळीत, सगळा बचाव आडवा पळायला लागतो; आडवा पळणारा माणूस कितीही ताकदवान असो, त्याला बाजूने आणखी थोडं ढकलणं सोपं असतं. धावणारा एक पाय रोवतो, फट दिसेल तिथून सरळ निघतो.

निकाल बघा. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सहाव्या फेरीत १९६वा निवडला गेलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ साली २,००८ यार्ड काढले आणि १९९७ आणि १९९८च्या हंगामांत संघाने लागोपाठ दोन सुपर बोल जिंकले. १९९९ला तो जखमी झाला, तर ऑलँडिस गॅरीने १,१५९ काढले. २०००मध्ये सहाव्या फेरीतला नवखा माइक अँडरसन, १,४८७. २००२मध्ये आणखी एक नवखा, क्लिंटन पोर्टिस, १,५०८. डेव्हिस हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि पोर्टिसही असामान्य होता, त्यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही. पण धावणारे बदलत गेले आणि आकडे टिकले, तेव्हा नजर लाइनकडे वळायलाच हवी.

याच लाइनवर टीकाही भरपूर झाली. धावेच्या उलट बाजूला हे गडी समोरच्याच्या पायांत झेपावून त्याला पाडायचे. या कट ब्लॉकमुळे बचावपटूंच्या गुडघ्या-घोट्यांना इजा होते, आणि ती तक्रार मला रास्त वाटते. एक जण वरून धरतो आणि दुसरा पायांत शिरतो, तो चॉप ब्लॉक तर एनएफएलने २०१६पासून पूर्ण बंद केला. शाळेच्या मुलांना कट ब्लॉक न शिकवणारे कोच मला शहाणे वाटतात.

सरावाचा वेळ आणि चित्रफितींचे गुण

कोचपुढचा आजचा पेच वेगळाच आहे. खेळाडू आणि संघमालक यांच्यातल्या २०११च्या करारानंतर एनएफएलमध्ये नियमित हंगामात पॅड घालून करायचे सराव फक्त १४ उरले. खेळाडूंच्या तब्येतीसाठी हे चांगलंच झालं, पण पॅडशिवाय खरा रन ब्लॉक घोटता येत नाही. त्यात कॉलेजमधले अनेक संघ हात जमिनीवर न टेकता, उभ्या पवित्र्यातून खेळतात आणि चेंडू फेकण्यावर भर देतात. त्यामुळे व्यावसायिक संघात आलेल्या मुलाला तीन टेकूंचा पवित्रा तिथे येऊन शिकावा लागू शकतो. यावर उपाय म्हणून चालत केलेला सराव, गाद्या आणि चित्रफिती यांचं महत्त्व वाढलं आहे.

तरीही कोरी पाटी घेऊन आलेला माणूस घडवता येतो. जॉर्डन माइलाटा सिडनीत वाढला, सामोअन घरातला. साउथ सिडनी रॅबिटोजच्या वीस वर्षांखालच्या संघात रग्बी लीग खेळायचा. २०१८ साली ईगल्सने सातव्या फेरीत, २३३व्या क्रमांकावर त्याला निवडलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. उंची सहा फूट आठ इंच. पहिली दोन वर्षं तो मैदानात उतरलाच नाही. लाइनचे कोच जेफ स्टाउटलँड त्याला पवित्रा आणि पावलं शिकवत राहिले. २०२०पासून तो डावा टॅकल म्हणून खेळू लागला. सामन्याआधी दूरचित्रवाणीवर खेळाडू आपापल्या कॉलेजचं नाव सांगतात, तेव्हा हा पठ्ठ्या “जेफ स्टाउटलँड युनिव्हर्सिटी” म्हणून मोकळा होतो. बार्कलीच्या त्या २,००५ यार्डांत डावी बाजू त्याचीच होती.

सामन्यानंतर लाइनचा कोच गोलच्या मागून घेतलेली चित्रफीत बघतो, कारण बाजूच्या कॅमेऱ्यात पाच जण एकमेकांआड लपतात. प्रत्येक खेळीत प्रत्येकाला साधारण तीन प्रश्नांवर गुण मिळतात: योग्य माणसाकडे गेला का, पावलं आणि हात बरोबर होते का, शिट्टीपर्यंत पाय चालले का. यात पॅनकेकचे, म्हणजे समोरच्याला पाठीवर लोळवल्याचे, वेगळे गुण देणारे संघ आहेत. प्रेक्षकांना ते फार आवडतं, इंटरनेटवर त्याच्याच चित्रफिती फिरतात. मला ते बक्षीस धोक्याचं वाटतं. लोळवण्याच्या मोहात पोरगं पुढे झुकतं, तोल जातो आणि चार सामन्यांत एकदा लोळवून दहादा हुकतं. धावेला जागा लागते ती फूट-दीड फुटाची. बचावपटू जागच्या जागी उभा असला, पण त्याच्या आणि धावेच्या मध्ये ब्लॉक करणाऱ्याचं अंग असलं, तर काम झालं आहे.

पुढचा सामना बघताना पाचही जणांवर नजर ठेवायचा खटाटोप करू नका, जमणार नाही. एक गार्ड निवडा. स्नॅपआधी त्याच्या पुढ्यात कुणी आहे का ते बघा. नसेल, तर तो कुणाला हात देतो, किती वेळ थांबतो आणि लाइनबॅकर हलल्यावर निघतो की आधीच, एवढंच बघा. पाच-सहा खेळींनंतर धाव किती यार्डांची झाली हे आकडा पडद्यावर यायच्या आधी तुम्हाला सांगता येऊ लागेल.